आप्पांचा आडवा फोटो

अहमदाबादच्या गिरणीतून बोलावणं आलं तेव्हा माझ्या बायकोनं, गौरानं, एकच अट घातली. "जायच्या आधी माहेरी, माकणीला जाऊ. आप्पांचा फोटो पाहिजे मला. आन पाय दिसले पाहिजेत." आप्पा म्हणजे माझे सासरे, सिद्रामप्पा. पावसाळ्यापासून त्यांची तब्येत खचली होती, आणि सोलापूर सोडून एवढ्या लांब गेल्यावर पुन्हा भेट होईल याचा भरवसा तिलाही नव्हता, मलाही. दिवाळी-पाडव्याला बापाच्या पाया पडायचं तर फोटोत पाय हवेत, असं तिचं सरळ म्हणणं होतं. "नुसत्या तोंडाच्या पाया कशी पडू?"

मी हौशी फोटोग्राफर, म्हणजे खर्च करणारा आणि शिव्या खाणारा. माझ्या मनात आप्पांचा चेहरा होता, चौकट भरून, सुरकुती न् सुरकुती दिसेल असा. लढाईमुळं काचेच्या प्लेटा मिळेनात. दुकानदाराची मनधरणी करून मोजक्या पदरात पाडून घेतल्या आणि निघालो.

तुम्हाला तिकडं जायचं असेल तर सोलापुरातून नळदुर्गाकडची सकाळची मोटार धरा आणि डाव्या बाजूला बसा, ऊन कमी लागतं. पेट्रोल नाही म्हणून मोटार कोळशावर चालते. चढ आला की उतारू खाली उतरतात आणि मोटार आपली एकटीच खोकत वर जाते. निजामाच्या हद्दीत शिरताना नाका लागतो. तिथं इंग्रजी कलदार रुपये देऊन निजामाचे हाली रुपये घ्या, नाहीतर पुढं चहावाला तोंड वाकडं करतो. नाक्यावरच्या शिपायानं माझी पेटी उघडायला लावली.

"क्या है जी ये?"

"फोटू काढायचा कॅमेरा."

"हमारा भी निकालो फिर." मी प्लेटा थोड्या आहेत म्हटल्यावर त्यानं खिन्नपणे मिशा खाली सोडल्या. मला त्याची फार दया आली, पण प्लेट काही काढली नाही.

जळकोटला मेहुणा मल्लप्पा बैलगाडी घेऊन आला होता. रात्री लोहाऱ्यात मुक्काम केला. भाकरी, येसराची आमटी आणि शेंगाची चटणी, एवढ्यावर माणूस राजा होतो. सकाळी सास्तूरच्या वाटेला लागलो. काळ्या मातीवर चाकांचा आवाजच होत नव्हता. दोन्हीकडं कणसाला आलेली ज्वारी, मधेच करडईचा पिवळा पट्टा, आणि वर आभाळ, आभाळ, नुसतं आभाळ. गाडीत पाठीवर पडलं की आपण चाललोय की ढग चाललेत ते समजेना. कुठं पोचायचंच नाही असं वाटायला लागलं. गौरा कधी झोपली तेही मला कळलं नाही.

मी गाडी थांबवली, कॅमेऱ्याची चौकट उभी केली आणि खाली बोटभर जमीन ठेवून वरचं सगळं आभाळ धरलं.

"दाजी," मल्लप्पा म्हणाला, "शेत आडवं पसरलंय आन तुमी उभं काढलाव?"

"आभाळ किती आहे बघ की."

"आभाळाचं काय, ते सोलापुरात बी हाय. शेत न्हाय." त्यानं बैल हाकले आणि बराच वेळ गालात हसत राहिला.

माकणीला पोचलो तर आप्पा शेतात, कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून बसलेले. तेरणा नदीचं पाणी तिथून थोडंसं दिसतं. गुडघे पार गेले होते. उभं राहता येत नव्हतं, खुर्चीवर बसवलं तर एका अंगाला कलायचे. जमिनीवर पाय लांब सोडले तरच त्यांना बरं वाटायचं. गौरा त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

माणसाचा फोटो उभाच काढायचा, हे मीही घोकून ठेवलेलं. समोरून पाहिलं तर दोन तळवे ताटाएवढे आणि त्यांच्या मागं आप्पांचं तोंड लिंबाएवढं. त्यात आप्पांनीच पाय आखडून घेतले. "जावयाकडं पाय करून बसू व्हय? लोक थुकतील माझ्या तोंडावर." पाय आखडले की धोतरात गेले. तशी एक प्लेट वाया गेली. आप्पांना खुर्चीत बसवून पाहिलं, ते कलले, दुसरी गेली.

"बाजेवर निजवू," मल्लप्पा म्हणाला. "पाय बी येतील, तोंड बी येईल."

गौराचा चेहरा उतरला. "निजलेल्या माणसाचा फोटो कवा काढत्यात ते ठावं हाय का तुला?"

उन्हं उतरायला लागली होती आणि माझ्याकडं आता एकच प्लेट होती. ती बिघडली असती तर गौरा अहमदाबादला रिकाम्या हातानं गेली असती. मला खरंच भीती वाटली.

मग मी कॅमेऱ्याची तिपाई उचलून आप्पांच्या एका बाजूला नेली. तिथून पाय माझ्याकडं येत नव्हते, ज्वारीकडं जात होते. चौकट आडवी केली. उजव्या कडेला बुंधा आणि आप्पांचं मुंडासं, डाव्या कडेला पाय, आणि वर सगळी मोकळी जागा.

"एकट्या माणसाला एवढी जागा?" मी हातानं चौकटीच्या कडा दाखवल्यावर आप्पांनी विचारलं. "न्हाय म्हणजे, चालंल आपलं मला. बघू कुठं?"

"बरं वाटेल तिकडं बघा."

गौरानं पदरानं त्यांच्या पायाची माती पुसली. मी हात केल्यावर ती पायांकडच्या बाजूनंच चौकटीबाहेर सरकली. आप्पा अजिबात हलले नाहीत.

सोलापुरात चौकटवाला फोटो बघून म्हणाला, "साहेब, एका माणसाचा फोटो उभा करतात. बाजूचं कापून देऊ?" गौरानं त्याच्या हातातून फोटो काढूनच घेतला.

अहमदाबादच्या खोलीत तिनं खिळा भुईपासून हातभर उंचीवर ठोकला. मी चिडलो. येणारेजाणारे हसतील म्हणालो. "आप्पा भुईवर बसलेत," ती म्हणाली. "त्यांच्या डोक्यावर उभं राहून कशी बोलू?"

उन्हाळ्यात आप्पा गेल्याचा निरोप आला. घरात पाणी सांडलेलं तसंच होतं, चूल विझली होती. गौरा फोटोपाशी जाऊन बसली, डाव्या कडेला, पायाजवळ. काचेवर कपाळ टेकलं आणि मान वर करून तशीच राहिली. मी दारात उभा होतो. आप्पा तिच्याकडेच बघत होते. फोटो मी काढला, पण ते त्या वेळी कुणाकडं बघत होते हे मला त्या दिवशी कळलं.