आई म्हणवणारी देवी

आमचा मळा अमरावतीच्या वेशीबाहेर होता. शेवंती, झेंडू आणि थोडी वांगी. फुलांची पहिली टोपली देवीच्या देवळात आणि उरलेला माल बाजारात, हा सासऱ्यांचा नेम. मी त्यांना मामाजी म्हणे. दर्यापूरहून सून म्हणून आले तेव्हापासून देवीचा हार मीच ओवायची, आणि ओवताना मला बरं वाटायचं, हे खरं आहे.

एका हिवाळ्यात देवीच्या रोगाची लस टोचणारा सरकारी माणूस मळ्यापर्यंत आला. माझी मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिला कडेवर घेऊन मी पुढे झाले, तर मामाजी आडवे आले. "देवीच्या कामात लोखंड खुपसू नोका," ते त्या माणसाला म्हणाले. नवरा वाफ्याकडे वळला. माणूस पुढच्या घरी गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पोरीला ताप भरला, मग अंगभर फोड उठले. घरात कोणी त्याला रोग म्हटलं नाही. "आई आल्या," म्हणायचे. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, फोडणी बंद झाली. सासू त्या फोडांपुढे हात जोडून विनवायची, "शांत व्हा माय." पोरगी पाणी मागायची आणि तिला ते गिळवत नसे. गेली तेव्हा तिचे डोळे चिकटलेले होते. मी शेजारी होते, पण तिला दिसले नाही.

काही दिवसांनी मामाजींनी मला भात टाकायला सांगितला. देवी पुन्हा कोपू नये म्हणून तिला दहीभात न्यायचा होता.

"मी नाही करत," मी म्हणाले.

"काहून?"

"जिनं माहं लेकरू मारलं तिले जेवू घालू?"

"जीभ आवर! तिची मर्जी आपल्याले समजत नाही."

"शेवंतीले भाव आला का बरी समजते तुमाले."

"ती काहीबी करू शकते. तिले कोन बांधते?"

"पण आई म्हनता ना तिले?"

"जगाची आई हाय ती."

"मीबी आई हावो, मामाजी. चूल होती, विहीर होती, पोरगी माह्याच हातात होती. तिले मारासाठी माह्यात ताकद कमी नव्हती. पण मले ते जमलंच नसतं. तिले जमलं. मंग ती आई कशी?"

"देवीची बरोबरी करून राहिली का?"

"नाही. मी तिच्यापेक्षा बरी हावो."

त्यांनी हात उगारला. नवऱ्याने तो धरला. बापापुढे त्याने पहिल्यांदाच काही केलं होतं, आणि मला वाटलं, फार उशिरा. मामाजींनी स्वतः चूल पेटवली. भात करपला, तोच घेऊन ते गेले.

त्यानंतर त्यांनी माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही आणि मी हार ओवला नाही.

पुढे मुलगा झाला. हिवाळ्यात मी त्याला स्वतः नेऊन टोचून आणलं. "कोप होईन," मामाजी अंगणातून ओरडले. "होऊ द्या," मी म्हटलं. पोराचा दंड सुजला, ताप आला. मी त्याच्या उशाशी बसून राहिले, मनातून पार घाबरलेली; पण हात जोडले नाहीत. ताप उतरला.

देवीनं सुनेला माफ केलं, असं मामाजी बाजारात सांगत फिरले. ते ऐकून अंगाची जी आग झाली, ती अजून शमलेली नाही.