भिंतीवरची नसरीन

लालासाबच्या खोलीत कुणी ट्यूब लावली, की लालासाब पिसाळायचा. कोल्हापुरातल्या एका फोटो लॅबमध्ये एकोणीस वर्षं तो लग्नाच्या अल्बमांचे रंग सुधारत होता. खिडकीला काळा पडदा, मॉनिटरमागं एकच पांढरा दिवा आणि ब्राइटनेसच्या बटणावर चिकटपट्टी. तिला हात लावायची मालकाचीसुद्धा छाती नव्हती.

ती पट्टी रोज सकाळी तो स्वतः काढायचा. मॉनिटरशेजारी भिंतीवर त्याच्या बायकोचा, नसरीनचा फोटो. ती गेली त्याच वर्षी त्यानं छापलेला. तोच फोटो स्क्रीनवर उघडायचा आणि दोन्ही चेहरे एकसारखे दिसेपर्यंत बटण दाबत राहायचा. मग दिवसभर त्याच उजेडात साऱ्या गावच्या नवऱ्या. गडी हट्टी, पण कामाला चोख!

अलीकडं अल्बम काळपट येतात अशी कुरकुर होती. तो कागदाला शिव्या घालायचा. परवा मात्र हंबीरराव नावाचं बडं गिऱ्हाईक लेकीचा अल्बम घेऊन थडकलं. "ही आमची मोना हाय व्हय? चुलीतनं काढल्यागत दिसतीया!"

तरणा मालक विजयसिंह सगळ्यांदेखत ओरडला, "चाचा, डोळं गेलं तुमचं. घरी बसा आता."

लालासाबचं टाळकं सरकलं. "माझी स्क्रीन चुकली असंल तर ह्याच पायी घरी जातो! नसरीनच्या फोटोची दुसरी प्रत कपाटात हाय, पाकिटात. आणा की! लावा शेजारी!"

आणली. बंद पाकिटातली नसरीन चांगली सावळी निघाली. भिंतीवरची त्या दिव्याच्या उजेडानं विटून पांढरी पडली होती, रोज थोडी थोडी. तिच्याशी जुळवता जुळवता त्यानं स्क्रीन भडक करत नेली होती, आणि भडक स्क्रीनवर बेताच्या दिसाव्यात म्हणून नवऱ्या काळ्या करून छापल्या होत्या.

"बायकू उजळली की चाचा तुमची!" विजयसिंह म्हणाला, आणि हंबीरराव पोट धरून हसला. मेलेल्या बाईवर हसतात, लाज कसली ती न्हायच!

शब्द दिला होता. लालासाबनं चपला घातल्या.

"ही घेऊन जावा," म्हणत विजयसिंहानं दोन्ही फोटो पुढं केले.

सावळा फोटो लालासाबनं हातात धरून खूप वेळ बघितला. ही बाई त्याला ओळखूच येईना. तो त्यानं टेबलावर ठेवला आणि विटलेला घेऊन पायऱ्या उतरला.