घाडीसाहेबांची सर्व्हिस

विद्याधर घाडी आयुष्यात कधीही, कुठेही साहेब नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, उगाच पुढे घोटाळा नको. गिरणी होती तोवर ते साचाखात्यात मागावर होते, आणि संपात गिरणी बुडाली तसे मिळेल ते करत राहिले. उदबत्त्या विकल्या, कुरियरची पाकिटं वाटली, एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या. शेवटी विरारला फुलपाड्यात एक खोली घेऊन बिऱ्हाड हलवलं आणि लादी पॉलिशच्या कामाला लागले. त्या वर्षांत विरारला बिल्डिंगा इतक्या भराभर उठत होत्या की या दिवाळीला पाहिलेलं मोकळं रान पुढच्या दिवाळीला सापडायचं नाही. बिल्डिंग आली की मोझेकची लादी आली, आणि लादी आली की ती घासणारा आला. घाडींनी अकरा वर्षं लाद्या घासल्या. खोलीचा मधला भाग मशीनने, कडा आणि कोपरे उकिडवं बसून हाताने. दोन हजार साली गुडघ्यांनी साफ नकार दिला, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे."

आता अशा माणसाला आकाशाचं वेड कुठून लागलं? तर लादीवरूनच.

पंचाण्णव साली ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं होतं. लोक दारंखिडक्या लावून घरात बसले. घाडींच्या मुकादमाला मात्र पाडव्याच्या आत फ्लॅट हवा होता, त्यामुळे ते सकाळीच एकटे कामावर. ओल्या लादीवर जाळीतून ऊन पडलेलं. सहज बघतात तर उन्हाचे गोल कवडसे कोणीतरी कुरतडल्यासारखे! एकेक कवडसा म्हणजे एकेक कोर. पाचपंचवीस सूर्य, सगळेच्या सगळे अर्धे खाल्लेले, त्यांच्या पायाशी. "च्यायला!" घाडी एवढंच म्हणाले आणि हातातला पॉलिशचा दगड तसाच धरून तासभर बसून राहिले. मुकादमाने शिव्या घातल्या, त्या त्यांना ऐकूही आल्या नाहीत.

त्यानंतर वाचनालयात जाऊन ग्रहताऱ्यांची पुस्तकं वाचायचा नाद लागला. तिथल्याच फळ्यावर दोन हजार एक साली एक चिठ्ठी दिसली. 'हाताने दुर्बीण बनवायची आहे. हौशी मंडळींनी रविवारी सकाळी नंदाखालला यावं.' खाली पत्ता. घाडी इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

केळीच्या बागेत बेसिल नावाच्या गृहस्थांचं घर होतं. बेसिल बरीच वर्षं आखातात वेल्डर होता, आता परत येऊन वडिलांची बाग सांभाळत होता. पडवीत वाळूने भरलेलं एक पिंप, पिंपावर घट्ट बसवलेली काचेची जाड तबकडी, तिच्यावर दुसरी तशीच. मध्ये पाण्यात कालवलेली कुरुंदाची पूड घालायची आणि वरची काच पुढेमागे घासत पिंपाभोवती चालत राहायचं. घासून घासून वरच्या काचेला खोलगटपणा येतो आणि तिचाच दुर्बिणीचा आरसा होतो. आधी जाड पूड, ऐंशी नंबरची. मग एकशे वीस, दोनशे वीस, चारशे, अशी बारीक बारीक. हे सगळं उमंग पाध्ये समजावून सांगत होते. ते टेलिफोन खात्यात केबल जोडायच्या कामावर होते, आणि या हौशी मंडळाचे पुढारी तेच.

घाडी ऐकत होते आणि मनातल्या मनात त्यांना हसू फुटत होतं. हे नंबर त्यांना तोंडपाठ! पॉलिशचे दगड याच नंबरांचे असतात. त्यात त्यांनी खाली पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे थिजलं. पडवीची ती हिरवट मोझेक त्यांच्याच हातची होती. त्र्याण्णव साली घर नवीन बांधलं तेव्हा मुकादमाने त्यांना इथे चार दिवस जुंपलं होतं.

तेवढ्यात पाध्ये म्हणाले, "आणि आपण? कुठे होतात सर्व्हिसला?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण समोर टेलिफोनवाले, शेजारी हेलन नावाच्या नर्सबाई, अंगावर कडक इस्त्री. घाडींच्या तोंडून निघून गेलं, "कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये. सुपरवायझर होतो."

झालं. त्या दिवसापासून ते घाडीसाहेब.

काच घासणं हे भलतंच कंटाळवाणं काम, महिनोन्‌महिने चालतं. म्हणून मंडळाने एक रीत पाडली होती. एकाने काच घासायची, बाकीच्यांनी पूड-पाणी बघायचं, आणि एकाने आपल्या नोकरीतलं काहीतरी सांगायचं. हेलन सांगायची, तीस वर्षांच्या नोकरीत तिने कितीजणांचा ताप नुसत्या हाताच्या पाठीने ओळखला, आणि एका मोठ्या डॉक्टरला इंजेक्शनचं नाव घेतलं की कशी घेरी यायची. बेसिल जहाजाच्या पोटात शिरून वेल्डिंग कसं करायचं ते सांगे. पाध्ये तर भर रस्त्यात केबलच्या खड्ड्यात कसे पडले, आणि वर काढणाऱ्याने आधी "लाइन कधी चालू होणार?" असं कसं विचारलं, ते साभिनय करून दाखवत. सगळे पोट धरून हसायचे. घाडीही हसायचे, पण आतून झुरायचे. या लोकांना आपली फजिती सांगता येते, कारण ती झाकायची त्यांना गरज नाही, असं त्यांना वाटे.

त्यांचा नंबर आला की ते सुपरवायझर होऊन बोलत. एकदा तर कहर केला. "एक पॉलिशवाला होता," म्हणाले, "ग्रहणाच्या दिवशी काम सोडून लादीकडे बघत बसला होता, वेडा! असा झापला त्याला!" मंडळी हसली. घरी आल्यावर घाडींना जेवण गेलं नाही. सुनंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं, "कोणी काही बोललं का?" ते म्हणाले, "मीच बोललो."

आठ महिने गेले. काच चारशे नंबरावर आली. आता जपून राहायचे दिवस होते. जाड पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत शिरला, तरी आरशावर ओरखडा उठतो. पाध्ये याबाबतीत भलतेच कडक. प्रत्येक नंबराची बाटली वेगळी, बादली वेगळी, पुसायचं फडकंही वेगळं, आणि फडक्याच्या कोपऱ्यात शाईने नंबर घातलेला.

बेसिलची आई लूर्डसमावशी पंचाहत्तरीची, पण कामाचा उरक सुनेला लाजवील असा. मुलाशी ती घरच्या बोलीत बोले, पाहुण्यांशी शाळेतल्यासारखी शुद्ध मराठी. तिने त्या शनिवारी पडवी झाडताना फडक्यांची ती रांग पाहिली. चिखलाने बरबटलेली सहा फडकी! पाहुणे माणसं अशी घाण फडकी वापरतात, म्हणजे घराची अब्रूच गेली. बाईने सगळी फडकी एका बादलीत भिजवली, साबण लावून खंगाळली आणि कडक उन्हात वाळवून घडी घालून ठेवली. आता यात तिचं काय चुकलं सांगा! ऐंशी नंबरचे कण मात्र चारशेच्या फडक्यात जाऊन बसले.

रविवारी हेलनचे हात काचेवर होते. फडक्याने काच पुसून नवी पूड घातली, फेरे सुरू झाले. पाध्ये काहीतरी सांगत होते. काचेचा नेहमीचा मऊ आवाज चालला होता, आणि त्यात घाडींच्या कानाला एक बारीक चरचर जाणवली.

अकरा वर्षं त्या आवाजावर काढलेली! मशीनखाली खडा आला की हाच आवाज येतो. घाडींनी इकडेतिकडे पाहिलं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आता सांगितलं तर लगेच विचारतील, तुम्हाला कसं कळलं? सुपरवायझर लांब छत्री धरून उभा असतो, त्याला दगडाचा आवाज काय कळणार? घाडी गप्प बसले. हेलनचा एक फेरा झाला. दुसरा झाला. चरचर चालूच.

तिसऱ्या फेऱ्याला मात्र त्यांच्याने राहवेना.

"थांबा! बाई, थांबा! सरकवू नका! आधी पाणी ओता, भरपूर ओता, मग सरळ वर उचला!"

काच उचलली. पुसली. उजेडात धरली. मधोमध करंगळीएवढा लांब, वळणदार ओरखडा.

हेलनचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्याच हातून झालं," ती म्हणाली, "जोर जास्त पडला वाटतं माझा." तिचे डोळे भरून आले. पाध्ये खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "आठ महिने पाण्यात. परत ऐंशीपासून करायचं म्हणजे... मला नाही वाटत आपल्यात तेवढा दम आहे. इथेच थांबवू या." बेसिलने काच कागदात गुंडाळायला घेतली.

घाडींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा दोष अंगावर घेतेय, आरसा कागदात चाललाय, आणि आपण साहेब होऊन उभे!

"बाईंचा काही दोष नाही," ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "काच आत्ताच पुसली होती, फडक्यातूनच खडा आला. मला पहिल्याच फेऱ्याला ऐकू आलं होतं. मी गप्प बसलो. दोन फेरे गप्प बसलो, म्हणून ओरखडा एवढा लांबला."

"ऐकू आलं?" पाध्ये म्हणाले. "कसं काय ऐकू आलं?"

"मी सुपरवायझर नव्हतो, पाध्ये. लादी पॉलिशवाला होतो. अकरा वर्षं लाद्या घासल्या मी. तो ग्रहणाच्या दिवशीचा वेडा सांगितला ना तुम्हाला, तो मीच." एकदा सुटल्यावर त्यांना थांबताही येईना. "ही तुम्ही उभे आहात ती लादीसुद्धा मीच घासलीय. आणा ती काच इकडे."

त्यांनी काच घेतली, डोळे मिटले, ओरखड्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. "ऐंशीला जायची गरज नाही. नख अडखळतं, पण रुतत नाही. दोनशे वीसवर जाऊ. दोन रविवार. फार तर तीन. फडकी सगळी फेकून द्या."

आता काय होतंय म्हणून घाडी मान खाली घालून उभे राहिले. पाध्ये ओरडतील, बेसिल हसेल, हेलन तोंड फिरवील. काही झालं तरी निमूट ऐकून घ्यायचं आणि घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

बोलली ती भलतीच. लूर्डसमावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे तिने बेसिलच्या हातात कोंबला.

"तू घासलीस? ही लादी तू घासलीस?"

"हो, मावशी."

"मग हा दारामागचा कोपरा कोणी घासायचा? माझ्या बापाने? आठ वर्षं मी त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतेय! रोज पोतेरं अडकतं तिथे, रोज! बिल्डरला विचारलं तर म्हणे, माणूस गेला. हा बघा, हा इथे आठ महिने माझा चहा पितोय!"

आधी बेसिल हसला. मग हेलन, डोळे पुसता पुसता. पाध्ये तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशीच तेवढी हसत नव्हती, तिला खरंच राग आला होता.

"पुढच्या रविवारी करून देतो," घाडी म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी ते माळ्यावरून दगडांची पिशवी काढत होते. सुनंदाबाई म्हणाल्या, "अगं बाई! परत काम धरलंत की काय? आणि गुडघे?"

"काम कसलं? दुर्बिणीचं आहे," घाडी म्हणाले. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला नाही.

पिंपाभोवती पाध्ये दोनशे वीसचे फेरे घालू लागले, आणि घाडी दारामागे पाटावर बसले. गुडघा दुखत होता, तो बाजूला पसरून त्यांनी कोपऱ्यावर पाणी शिंपडलं आणि दगड धरला. नोकरीतलं सांगायचा नंबर त्यांचाच होता. कुठून सुरुवात करावी कळेना, तेव्हा हेलनने विचारलं, "कोपऱ्यात मशीन जात नाही, मग कोपरा मधल्यासारखाच चकचकीत झाला हे कळतं कसं?" आणि घाडी जे सुरू झाले! कुठल्या नंबराला लादी दुधासारखी धुरकट होते, कुठल्याला तिच्यात खिडकी दिसायला लागते, पायाच्या टाचेला खरखर कळते ती डोळ्याला का कळत नाही, आणि नव्वद साली चिंचोटीच्या एका बंगल्यात मालकाच्या कुत्र्याने दगड कसा पळवला. पाध्ये फेरे घालायचे विसरून ऐकत उभे राहिले, त्यांना बेसिलने हाक मारून कामाला लावलं.

"मग हा कोपरा राहिला का?" पाध्यांनी विचारलं.

"मुकादमाने दुपारी तीनला दुसऱ्या साइटवर पळवलं. मी सांगितलं होतं त्याला, एक कोपरा बाकी आहे. तो म्हणाला, दाराच्या मागे कोण बघतंय?"

"मी बघते," मावशी आतून म्हणाली.

तासाभराने ती बाहेर आली. चप्पल काढून अनवाणी पाय कोपऱ्यावर फिरवला. एकदा, दोनदा. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. काचेचा आवाजसुद्धा थांबला होता.

"भिंतीकडच्या बाजूला अजून थोडं," ती म्हणाली.

घाडी भिंतीकडे वाकून बघू लागले. अकरा वर्षांत शेकडो घरांच्या लाद्या त्यांनी घासल्या होत्या, आणि माणसं राहायला यायच्या आधी दर वेळी तिथून निघून गेले होते. आपण घासलेल्या लादीवर राहणारं माणूस आज पहिल्यांदाच त्यांच्या समोर उभं राहून सांगत होतं, कुठे कमी पडलं ते.

"दिसतंय मला, मावशी. पाय काढा, करतो," घाडी म्हणाले, आणि त्यांनी दगड पुन्हा पाण्यात बुडवला.