सेंट थॉमसच्या धक्क्यावरून हरवलेली म्हातारी

पाणबुड्याने समुद्रातून रंगीत कापड वर ओढलं आणि धक्क्यावर उभा असलेला इंजिनिअर मटकन खाली बसला. त्याची आई सकाळपासून सापडत नव्हती, आणि ती लुगडं नेसलेली होती. कापड पूर्ण वर आलं, तेव्हा ते कुठल्याशा बोटीचं फाटकं छत निघालं. ती दुपार काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या सेंट थॉमस बेटावर मी पोलीस ठाण्यात मेट्रन होते. शिक्षण चौथी. बायकांची झडती घ्यायची, कोठडीतल्या बायकांवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. ठाण्यात मराठी येणारी मी एकटी, म्हणून सार्जंटने मला बरोबर घेतलं.

तेव्हा शेजारच्या बेटांवर जायला लाँच होती आणि बेटावर फिरायला सफारी. सफारी म्हणजे ट्रकच्या मागे बाक, वर छप्पर, बाजू उघड्या. गाड्या अमेरिकन, पण चालायच्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने. चढणारा प्रत्येक जण आधी सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा, मगच बसायचा. मला ते फार आवडायचं. आता कुठे गेलं तरी कोणी मान वर करत नाही.

इंजिनिअर अमेरिकेतल्या नेपरव्हिलहून बायको आणि आईला घेऊन फिरायला आला होता. आई कराडकडची. नवराबायको लाँचची तिकिटं काढायला गेले आणि परत येईपर्यंत ती गायब.

ते छत निघाल्यावर धक्क्यावर मासे तळून विकणाऱ्या बाईने खबर दिली. म्हातारी सफारीत बसली होती आणि ती गाडी डोंगराकडे गेली. ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. सकाळी ह्या तिघांना धक्क्यावर सोडणारा तोच. तो एकच बोलला, "वकील आणा."

मी इंजिनिअरला बाजूला घेतलं. "सकाळी ह्याच्याशी काय बोललास?"

"काही नाही, मावशी. वाटेत आणखी पॅसेंजर घेत होता. म्हटलं, टॅक्सी मी केलीय, चोर आहेस का? आत्ताही म्हटलं, लायसन्स कॅन्सल करायला लावीन."

"आणि गुड मॉर्निंग?"

"मावशी, माझी आई हरवलीय आणि तुम्हाला..."

"म्हणूनच सांगते. बाहेर जा, परत आत ये, आणि नीट सुरुवात कर."

सार्जंट त्याच बेटावरचा. ‘गुड मॉर्निंग’ एवढंच त्याला कळलं, आणि त्याने दार उघडून धरलं.

इंजिनिअर पुन्हा आत आला. "गुड आफ्टरनून, सर." तो ड्रायव्हरसमोर उभा राहिला. "माझी आई सापडत नाहीये."

ड्रायव्हर ताडकन उठला. "तुझी आई हरवलीय? मला वाटलं, तू सकाळचं भांडण घेऊन आलास! ऊन होतं म्हणून ती माझ्या गाडीत येऊन बसली. गाडी भरली, मी निघालो. डोंगरावरच्या वळणावर तिने पत्रा बडवला, मी थांबलो, ती उतरली."

मला उलगडा झाला. आपल्याकडे वडापची जीप, सीटवर पैसे घेणारी, अशीच पत्रा बडवून थांबवतात. मुलगा मागच्या बाकावर असेल असं तिला वाटलं असणार. तो नाही हे कळल्यावर तिने पत्रा बडवला. त्या वळणावरून खाली धक्का दिसतो. गावाकडची बाई रस्त्याने वळसा घालत बसत नाही, सरळ उतारावरून निघते.

आम्ही ड्रायव्हरच्याच गाडीतून गेलो. वळणाखाली खोल घळ होती. मी ओरडले, "आजी, ओ द्या!"

"कोण गं?" खालून बारीक आवाज आला.

"पोलीस!"

"मग वर काय करतेस? पाणी आण. आणि माझं पोरगं जेवलं का?"

पोरगं रडायला लागलं. "रडतोस काय, उचल मला," खालून पुन्हा आवाज. पण पहिला उतरला तो ड्रायव्हर, आणि तिला पाठीवर घेऊन वर आलाही तोच.

पुढे कोठडीतल्या कुठल्याही बाईशी बोलताना मी आधी तिची विचारपूस करायची, मग प्रश्न. गप्प बसलेला माणूस काही लपवतोच असं नसतं. कित्येकदा त्याला कोणी धड विचारलेलंच नसतं.

त्या म्हातारीला मधुमेह होता, पोटात काही नव्हतं, खुबा मोडला होता. संध्याकाळपर्यंत टिकली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

म्हातारी जगली.