दुसरी सही

मी लिहिलेला पहिला टेस्टिंग रिपोर्ट वाचून ऑफिसातले सहाही जण पोट धरून हसले होते. मी लिहिलं होतं, "सकाळी साडेनऊ: प्रोग्रॅम सुरू, तक्रार नाही. दहा वाजून वीस: पासबुक छापताना अस्वस्थ. दहा पंचवीस: बंद करून पुन्हा सुरू केला, बरं वाटलं. साडेबारापर्यंत शांत." अकरा वर्षं वॉर्डात रुग्णांच्या नोंदी लिहिलेल्या हाताला दुसरं काही सुचलंच नाही. एकाने विचारलं, "सिस्टर, प्रोग्रॅमला ताप किती होता?" मी म्हटलं, "ताप नव्हता, जुलाब होते. एकेक एंट्री तीन-तीनदा छापत होता." आणि ते खरंच होतं. हसणं थांबलं आणि दोघं जण निमूटपणे चूक शोधायला बसले.

हे नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं. बंगलोरात जयनगरमध्ये साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. लहान सहकारी बँकांचं काउंटरवरचं काम खातेवह्यांमधून कॉम्प्युटरवर आणायचं, हा आमचा धंदा. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढाव्या लागत. बाकीच्यांना त्याचा कंटाळा. मला ऑपरेशन थिएटरची सवय, मी हातसुद्धा धुऊन आत जायची. ते सगळे विशी-पंचविशीतले इंजिनीयर होते. मी चौतीस वर्षांची, मिरजेला नर्सिंग शिकलेली, लग्न होऊन बंगलोरला आलेली स्टाफ नर्स.

लोकांना वाटतं मी जास्त पगारासाठी नर्सिंग सोडलं. काहींना वाटतं बेडपॅनला कंटाळले. बेडपॅनचं मला कधी काही वाटलं नाही. मला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. अकरा वर्षं मी "डॉक्टर, मला वाटतं की" असं म्हणायला सुरुवात करायची आणि ते वाक्य मला एकदाही कुणी पुरं करू दिलं नाही. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

मग एकदा हॉस्पिटलने बिलांसाठी कॉम्प्युटर घेतला. तो बसवायला आलेल्या माणसाला वॉर्डाचं काम समजावून सांगायला मला दोन दिवस त्याच्या शेजारी बसवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला दाखवलं, की सकाळी घरी गेलेल्या पेशंटच्या नावावर तुमच्या या प्रोग्रॅममध्ये दुपारी खुशाल औषधं चढवता येतात. त्याने माझ्याकडे पाहिलं, सगळं नीट लिहून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, असं शोधायला आम्ही पगार देऊन माणसं ठेवतो." म्हणजे चुका काढायचे पैसे मिळतात! माझ्या सासरी विचारा, तो तर माझा जन्मजात गुण.

सकाळची सात ते दोनची ड्यूटी करून तीनला मल्लेश्वरममधल्या कॉम्प्युटरच्या क्लासला जायचं, असं मी वर्षभर केलं. शेवटी या कंपनीने तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं, काम बघून पक्कं करू म्हणाले. घरात हे सरकारी कारखान्यात इंजिनीयर, म्हणजे कायमच्या नोकरीवर गाढ श्रद्धा. "अगं, पर्मनंट नोकरी सोडून हे कुठलं खूळ?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "अहो, खूळ असेल तर तीन महिन्यांत उतरेल." कॉलनीतल्या मराठी बायकांना वेगळीच काळजी. आता आमची इंजेक्शनं कोण देणार, रक्तदाब कोण बघणार? हळदीकुंकवाच्या ताटाआडून माझ्याकडे असं काही बघायच्या, जणू मीच आजारी पडले होते.

हॉस्पिटलच्या मेट्रननी तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली. अर्जावर सही केली ती फोनवर बोलता बोलता, कागदाकडे न बघता. पूर्वी त्या माझ्याच वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या, तेव्हापासून त्यांची ही सवय. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "रजा संपेल त्या सोमवारी सातला ड्यूटीवर ये. नाहीतर राजीनामा घेऊन ये." म्हणजे त्या सोमवारच्या आत कंपनीत पक्कं व्हायला हवं होतं. नाही झालं, तर निमूट पुन्हा युनिफॉर्म चढवायचा आणि पुढची पंचवीस वर्षं "डॉक्टर, मला वाटतं की" म्हणायचं. ते मला नको होतं. अगदी मनापासून नको होतं.

माझ्या कसोटीचं काम म्हणजे बंगलोरजवळच्या आनेकलच्या एका लहानशा बँकेची शाखा. रजेच्या शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिथे आमचा प्रोग्रॅम रीतसर सुरू व्हायचा होता. चेअरमन नारळ फोडणार होते. त्याआधी, सगळं तपासलं, ठीक आहे, अशी माझी सही रिपोर्टवर हवी होती. प्रोग्रॅमची मुख्य अट मला समजावून सांगावी लागली नाही. काउंटरवरच्या क्लार्कने एंट्री घालायची. अधिकाऱ्याने ती कागदाशी ताडून आपला पासवर्ड घालून पास करायची. दोन माणसं, दोन वेगळ्या नजरा. ऑफिसात मी ते आठवडाभर तपासलं, काही चुकलं नाही. तरी बुधवारी आनेकलला जाते म्हटल्यावर आमचे सर वैतागले. "इथे सगळं चालतंय, तिथे काय बघणार?" मी म्हटलं, "सर, ड्यूटी बदलताना आम्ही टेबलाशी बसून पेशंटची माहिती घेत नाही. पलंगापाशी उभं राहून घेतो."

शाखेत गेला आठवडाभर वह्या आणि कॉम्प्युटर दोन्ही शेजारी शेजारी चालू होते. काउंटरवर एक अक्का होती, माझ्याच वयाची, केसांत कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा गजरा. तिने मला कॉफी दिली आणि स्टूल ओढून शेजारी बसवलं. गर्दी बरीच होती. तिचे हात भराभरा चालत होते. एंट्री घातली, एक बटण दाबलं, आणखी काहीतरी टाइप केलं, पास. पुढची. मला कळायला दोन मिनिटं लागली. अधिकाऱ्याचा पासवर्डही तीच घालत होती.

"अक्का, साहेब कुठेत?"

तिने बाहेर बोट दाखवलं. साहेब मांडव घालणाऱ्याशी बोलत होते. "सर बिझी. लाइन मोठी आहे ना," ती हसून म्हणाली, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." म्हणजे, जरा सांभाळून घ्या. पासवर्डाची चिठ्ठी साहेबांनी स्वतःच तिच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून दिली होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. रांग पुढे सरकत होती, म्हातारे तिला आशीर्वाद देत होते. तिला बोल लावायला माझी जीभ रेटेना, कारण मी हेच केलेलं होतं.

त्याच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. रक्त चढवायचं असेल तर बाटलीवरचा गट आणि नंबर दोघी नर्सनी आपापल्या डोळ्यांनी वाचायचा, पेशंटच्या कागदाशी ताडायचा आणि मग दोघींनी सह्या करायच्या, असा नियम होता. त्या दिवशी वॉर्ड भरून वाहत होता. पहिली सही आमच्या इन्चार्जची होती. त्यांनी केली म्हणजे बघूनच केली असणार, असं धरून मी खाली माझी सही ठोकली आणि दुसऱ्या पेशंटकडे पळाले. बाटली स्टँडला लागली. पेशंट दुकानांच्या पाट्या रंगवणारा होता, दिसेल ते अक्षर वाचायची त्याला खोड. सुई लावायच्या आधी तो म्हणाला, "सिस्टर, इदु बी. नन्दु ओ अल्वा?" ही तर बी गटाची, माझा ओ ना? बाटली शेजारच्या पलंगाची होती. ती उतरवली, योग्य ती आणली, आणि झालेल्या प्रकाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तो माणूस चांगला होऊन घरी गेला. जाताना मला म्हणाला, तुमच्या वॉर्डाची पाटी फुकट रंगवून देतो. मला त्याच्याकडे बघवेना.

बँकेतून परत येताना बसमध्येच मी रिपोर्ट लिहून काढला. "अकरा पाच ते एक: घालणारी आणि पास करणारी व्यक्ती एकच. अधिकारी मांडवात. सुरू करू नये."

गुरुवारी सकाळी सरांनी तो सगळ्यांसमोर वाचला. "सिस्टर, प्रोग्रॅममध्ये चूक आहे?"

"नाही."

"मग सही करा. माणसांच्या सवयी सुधारायचं काम आपल्याकडे नाही."

"सर, पेशंटच्या हातात गोळी ठेवली म्हणजे औषध दिलं असं आम्ही लिहीत नाही. गिळली का, ते बघतो."

"उद्या अकराला नारळ आहे. हार आलेत." सरांनी खण उघडला आणि एक टाइप केलेला कागद माझ्या रिपोर्टच्या शेजारी ठेवला. माझ्या पक्क्या नोकरीचं पत्र होतं ते, फक्त खाली सही नव्हती. "दोन्ही सह्या एकदमच होऊन जाऊ देत," ते म्हणाले.

ते पत्र मला इतकं हवं होतं की हात आपोआप पेनाकडे गेला, हे मी लपवणार नाही. पण पेन उचललं आणि मला तो पाटीवाला दिसला, बाटलीवरचं अक्षर वाचणारा. मी पेन खाली ठेवलं आणि ती सगळी गोष्ट सांगितली. पाच-सहा वर्षांत घरी यांनासुद्धा सांगितली नव्हती, ती तिथे मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, सहा पोरगेल्या इंजिनीयरांसमोर. सांगताना रडू आलं, त्याचाही मला राग आला.

मग पदर खोचला आणि म्हटलं, "नुसतं नको म्हणायला आले नाही. दोन गोष्टी करा. ज्या कॉम्प्युटरवर एंट्री घातली, त्यावरून ती पास होता कामा नये. साहेबांना आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरशी बसू दे. आणि तिथे त्यांना रक्कम दाखवू नका, जागा कोरी ठेवा. कागद बघून त्यांनी स्वतः घालायची. दोन्ही रकमा जुळल्या तरच पास. दुसरीने पहिलीवर विसंबायचं नाही, बाटली स्वतः वाचायची."

मला तापाबद्दल विचारणारा म्हणाला, "सिस्टर, अधिकारी शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्यांनी कुणी मरत नाही."

माझ्याऐवजी स्वतः सही करायला सर मोकळे होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलंही. मग टोपण लावलं, माझं पत्र पुन्हा खणात टाकलं आणि आनेकलला फोन करून नारळ पुढच्या शुक्रवारवर ढकलला. पटलंय की संतापलेत, ते चेहऱ्यावरून कळेना. मी शनिवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पत्र आलं नाही.

रविवारी हे म्हणाले, "आधी पत्र तर येऊ दे. चार दिवस ड्यूटीवर जा, रजा टाकून पुढचं बघता येईल." सल्ला शहाणपणाचा होता. पण मी स्वतःला ओळखत होते. चार दिवस युनिफॉर्म घातला असता तर मी तो उतरवला नसता. पत्र पुढे बुधवारी आलं, आणि पुढच्या शुक्रवारी आनेकलच्या साहेबांनी मला खरंच शिव्या घातल्या. पण त्या सोमवारी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पावणेसातला मी साध्या सुती साडीत मेट्रनच्या खोलीत उभी होते.

"युनिफॉर्म कुठे?" त्यांनी विचारलं.

मी राजीनामा पुढे ठेवला.

"तिकडे पक्कं झालं?"

"नाही. बहुतेक होणारही नाही. एका कागदावर सही करायला सांगत होते, केली नाही."

"एवढ्यासाठी? सहीच तर करायची होती. का नाही केलीस?"

"पूर्वी एकदा न बघता केली होती."

त्यांनी मान वर केली. पाटीवाल्याच्या कागदावर माझ्या सहीच्या वर होती ती सही मेट्रनचीच. इतकी वर्षं आम्ही रोज एकमेकींना बघत होतो आणि दोघीही मूग गिळून गप्प होतो.

"दोघींनी केली होती," त्या म्हणाल्या.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो वाजू दिला. पर्समधून चष्मा काढून लावला, आणि माझा चार ओळींचा राजीनामा एकेका ओळीवर बोट ठेवून अगदी शेवटपर्यंत वाचला. मग सही केली.