गंगेत सोडलेले वाल

सरळगाव मागं टाकलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि रंभाकाकूंची काशीची गोष्ट अजून गंगेच्या पहिल्याच पायरीवर होती. सापगावाहून आदल्या दिवशी निघालो, किन्हवलीला मुक्काम केला, आणि आता म्हशाच्या जत्रेला चाललो होतो. काकूंचे यजमान महिपतकाका बैल घेऊन पुढं गेले होते. एकोणीसशे एक्केचाळीसचा पौष होता. दोन्ही बाजूंना भात काढलेल्या शेतांत वाल शेंगांवर आला होता, आणि काकू त्याच्याकडं बघायचं नाही म्हणून सारखी मान वाकडी करून चालत होत्या.

काकू आमच्या शेजारच्या. अक्षरओळख नाही, पण एकादशी, चतुर्थी, कुणाचं श्राद्ध कधी, सगळं तोंडपाठ. खोटं बोलायच्या नाहीत. त्यामुळंच काशीत घोटाळा झाला.

दोन वर्षांपूर्वी सासूच्या अस्थी घेऊन दोघं काशीला गेली होती. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं, ही आपली रीत. काकांनी तोंडली सोडली.

"जन्मात कधी खाल्ली नायत," काकू म्हणाल्या. "ताटात आली तर बैलाला घालायचे. ती सोडली. गंगेच्या तोंडावर."

"आणि तुम्ही?"

"मी कशी लबाडी करू गो? पंड्यानं हातावर पाणी घातलं, मंत्र म्हटला, न् इचारलं, काय सोडतेस. मी म्हटलं, वाल."

पंडा जरा दचकला. "बाल?" म्हणाला. काकूंना वाटलं, बिचाऱ्याचे दात पडलेत. त्यानं पुन्हा विचारलं, "पूरे बाल?"

"मी म्हटलं, हो बाबा, पुरे. हिरवे न् सुके, सगळे."

पंड्यानं कुणाला तरी हाक मारली. एक माणूस वाटी आणि वस्तरा घेऊन आला. काकूंना वाटलं, हा काकांसाठी. त्यांची दाढी वाढली होती. त्या माणसानं काकूंच्याच अंबाड्यावर पाणी मारलं.

"मग?"

"मग काय. माझा मालक जिता उभा हाय, म्हटलं, डोळं फुटलं काय तुझं? न् जी पळाले, ती वरच्या देवळाशी थांबले. तुझा काका खाली बसून हसतोय. मालक म्हणे."

तिकडची माणसं 'व'चा 'ब' करतात, हे मी शाळेत ऐकलं होतं. मी काकूंना समजावून सांगितलं. त्या वाटेतच थांबल्या.

"म्हंजे मी केस सोडले?"

"त्याला तसं वाटलं."

"न् गंगेला?"

खरी अडचण तीच होती. पळताना काकूंच्या ओंजळीतलं संकल्पाचं पाणी अर्धं गंगेत पडलं आणि अर्धं न्हाव्याच्या अंगावर. वाल सुटले की नाही, कुणी सांगेना. तेव्हापासून दोन हिवाळे काकूंनी वाल तोंडात घातला नव्हता. घरच्यांसाठी आमटी रांधायच्या, पण चव बघायची नाही, म्हणून मीठ कधी दुप्पट, कधी मुळीच नाही. काका जेवताना म्हणायचे, "वाल सोडले हिनं, पुण्य मला लागतंय."

पुढं एका शेताच्या बांधावर लहानी नावाची बाई मडक्यात शेंगा भाजत होती. तिनं आम्हांला बसवलं, पळसाच्या पानावर गरम शेंगा दिल्या. काकूंनी एक उचलली, नाकाशी धरली, बराच वेळ धरली, आणि माझ्या पानावर ठेवली.

"उपास हाय का आजीचा?" लहानीनं विचारलं.

"नाय गो," काकू म्हणाल्या, "माझं गंगेत अडकलंय."

मला खाववेना. मी म्हटलं, "काकू, देवाला भाव कळतो. शब्दाचं काय एवढं?"

"भाव कळला, तर न्हावी कशाला धाडला?"

लहानी पदर तोंडाशी नेऊन हसत होती. काकू हसल्या नाहीत. उठल्या, चालू लागल्या. पाऊण कोस गेल्यावर म्हणाल्या, "माझी आता साठी आली. उरलेत ते हिवाळे मोजकेच. सुटले असतील तर सुटले, मी तोंड उघडायची नाय. पण सुटलेच नसतील, तर मी काय म्हणून वास घेत फिरू?"

मग त्या माझ्याकडं वळल्या.

"तू सातवी झालीस ना?"

"झाले."

"मग त्या पंड्याला एक कार्ड लिही. त्याच्या वहीत आमच्या गावाचं नाव हाय, तुझ्या काकानं अंगठा दिलाय. इचार, अर्ध्या पाण्याचा संकल्प धरतात का. पण वाल असं अक्षरात लिहू नको गो, पुन्हा तेच वाचंल. तिथं शेंग काढ. न् चांगली फुगलेली काढ, दाणे दिसतील अशी. नायतर त्याला मिरची वाटंल."