आबांनी न ओळखलेलं फूल

"कान बघू," ते म्हणायचे. समोरच्या बाईने केस बाजूला सारले की पाळी दोन बोटांत धरून हलकेच दिव्याकडे वळवायचे. नमुना कोणता, सोनं किती, हे सगळं नंतर. पाळी जाड की पातळ, भोक सरळ की तिरकं, हे पाहिल्याशिवाय त्यांनी कधी तारेला हात लावला नाही.

गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी त्यांचा सोनारकामाचा खण होता. दुकान म्हणावं एवढा तो मोठा नव्हता. ऐरण, शेगडी, फुंकणी आणि ते स्वतः मावले की उरलेल्या जागेत मी. मी पटवेकरी, मोती ओवायचे, दागिन्यांना गोंडे बांधायचे, हे माझं काम. त्यांच्या खिडकीशी बसून मी अकरा वर्षं पोट भरलं. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ते फक्त कानातलं घडवत. बांगड्या घेऊन कुणी आलं तर "ते हाताचं काम, दुसरीकडे जा," म्हणून वाटेला लावत.

माणसांची तोंडं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. एकदा माझी बायको भाजीवाल्यापाशी भेटली, तर हे सरळ तिच्या अंगावरून पुढे गेले. ती घरी येऊन माझ्यावरच फणफणली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "डोक्यावर पदर होता रे. कान दिसला असता तर चुकलो नसतो." त्यानंतर आबा समोरून येताना दिसले की ती मुद्दाम पदर कानामागे खोचायची.

सोनार म्हटला की उद्या या, परवा या. तुम्हीही कुठेतरी अशा खेपा घातल्या असतीलच. आबांचं तसं नव्हतं. "बुधवारी म्हणजे बुधवारी," असं ते म्हणाले की बुधवारी दागिना तयार. न्यायला आला नाहीत तर मात्र तुमची धडगत नाही. आणि एखादा जुना दागिना समोर ठेवून "हा तुमच्या हातचा का?" असं विचारलं, तर एकदा उलटून बघत आणि "माझा" किंवा "माझा नाही" एवढंच सांगत. दोन जावांचं एका बुगडीवरून पेटलेलं भांडण मी त्या दोन शब्दांत मिटलेलं पाहिलं आहे. त्यांना कुणी उलट प्रश्न विचारत नसे.

लालबागची एक मुलगी होती. गिरणीत कामाला जायची, घरी फक्त आई. पहिल्या वर्षीच्या कमाईतून तिने आबांकडून कानातली फुलं करून घेतली होती, साधी, पाच पाकळ्यांची. पुढे त्यातल्या एकाची फिरकी सैल झाली, म्हणून ती दाखवायला आली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. रोज सभा, रोज हरताळ, भिंतीभिंतीवर घोषणा.

"बुधवारी ये," आबा म्हणाले.

"आबा, बुधवारी गडबड होणार म्हणतात. शनिवारी आले तर?"

"बुधवारी म्हणजे बुधवारी. मी काम करून ठेवायचं आणि तू मोर्चे बघत फिरायचं होय?"

हे ते हसतच म्हणाले होते. ती बुधवारी आली. आम्ही अर्ध्या फळ्या लावूनच बसलो होतो. आबांनी नवी फिरकी घडवून ठेवली होती. त्यांनी स्वतः फूल तिच्या कानात बसवलं आणि म्हणाले, "मान हलव जोरात." तिने मान हलवली, हसली आणि गेली. थांब जरा, वातावरण बरं नाही, असं मी म्हटलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही. अर्ध्या तासाने मोठ्या रस्त्याकडून गोळ्यांचे आवाज आले आणि आम्ही उरलेल्या फळ्या ओढून घेतल्या.

चौथ्या दिवशी हवालदार आला. बरोबर तिची आई. लेक घरी आली नाही म्हणून ती लालबागच्या चौकीच्या पायरीवर बसून होती. हवालदाराने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात एकच फूल होतं. इकडे गिरगावात एका मुलीचं प्रेत मिळालं होतं, वारस कुणी आला नाही म्हणून अग्नी देऊन झाला होता. "तोंडावरून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं," तो खाली बघत म्हणाला.

"अशी फुलां सगळीच चेडवां घालतत," आई तिच्या मालवणीत म्हणाली. "आबा बघान सांगतले. ते सांगतले तां खरां."

आबांनी फूल उलटं केलं. फूल जुनं, पाकळ्या झिजलेल्या, आणि मागची फिरकी कोरी करकरीत. मला माझ्या जागेवरून दिसत होती. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात जोडून छातीशी धरले होते.

"माझं नाही," आबा म्हणाले.

म्हातारी रडत रडत त्यांच्या पायांना हात लावू लागली. हवालदाराने ते लिहून घेतलं, पुडी खिशात घातली आणि गेला. मी मान खाली घालून मोती ओवत होतो. आजही त्याची मला लाज वाटते.

संध्याकाळी मी म्हटलं, "आबा, ती फिरकी..."

"कान कुठे होता समोर?" ते ओरडले. "कान नसताना मी कसं सांगू?" अकरा वर्षांत ते माझ्यावर ओरडलेले मला आठवत नव्हते.

त्यांना वाटलं असेल, काही दिवसांनी म्हातारीचं तिलाच कळेल. तसं झालं नाही. ती दर पंधरा दिवसांनी येऊ लागली. लेक कुठे दिसली का, विचारायची. चाळीतली माणसं दिवस घाल म्हणतात, भटजीसुद्धा आणून बसवला होता, पण आपण त्याला हाकलून दिला, असं सांगायची. "म्हटलां, सोनारांनी सांगितल्यांनी, त्यांचां न्हय." आबा कानस खाली ठेवून ऐकत. ती गेली की त्यांच्या हातून काही होत नसे. फुंकणीतली फुंक चुकायची, सोनं जळायचं. बुधवारचा दागिना शुक्रवारी मिळू लागला.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी म्हणाले, "चल लालबागला." खोलीत मुलीची ट्रंक नीट पुसून ठेवलेली होती. आबांनी जे होतं ते सगळं सांगितलं. फिरकीचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं, आपणच बोलावलं तेही सांगितलं.

म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबांनू, तेवा तुमचे डोळे चांगले होते. आता म्हातारे झालास. चाळीतल्यांनी तुमका पढवून पाठवल्यांनी, माका कळता. चाय घेवा."

ते आणखी बोलायला गेले, तर तिने पुढ्यात बशी सरकवली. आम्ही चहा पिऊन परत आलो. त्यानंतर त्यांनी शेगडी अशी पेटवलीच नाही. खणात यायचे, बसायचे, दिवेलागणीला घरी जायचे. कुणी जुना दागिना ओळखायला आणला, तर म्हणायचे, "मला विचारू नका."

पावसाळ्यानंतर ते गेले. तिरडी बांधत होते तेव्हा म्हातारी लालबागहून आली. तिला कुणी कळवलं, ठाऊक नाही. गर्दीतून वाट काढत ती त्यांच्या पायांशी बसली, पदराने त्यांचे तळवे पुसले आणि जमलेल्या माणसांकडे वळली.

"सगळ्यांनी माझ्या चेडवाक मेलां म्हणान सांगितल्यांनी," ती म्हणाली. "ह्यांनी एकट्यांनी माका खरां सांगितल्यांनी."

बाया डोळे पुसू लागल्या. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "खरंच हो, शब्दाचा पक्का माणूस." मी होय म्हणालो आणि तिरडीला खांदा दिला.